राईतल्या इंग्रजी गाड्या

कुवेतहून परत आल्यापासून आमच्या सोसायटीतले लोक एकच विचारतात, "काय मग, तेलाच्या विहिरी पाहिल्यात का?" नाही पाहिल्या. तिथे कुणाला सहज जाऊ देत नाहीत, आणि जाऊ दिलं असतं तरी जमिनीला पाडलेली भोकं बघायला मी काही विमानाचं तिकीट काढलं नव्हतं. मी मुलीकडे गेलो होतो. मुलगी आणि नात सोडली तर तिथे डोळे भरून पाहिल्या त्या गाड्या.

माझी सगळी नोकरी चिंचवडच्या एका कारखान्यात गाड्यांचे सुटे भाग तपासण्यात गेली. माणूस निवृत्त होतो, तपासनीसाची नजर होत नाही. गाडी दिसली की दार आणि पत्रा यांच्यामधल्या फटीवरून मी अंगठ्याचं नख फिरवतो. वरपासून खालपर्यंत फट सारखी असली की बनवणाऱ्याला मनातल्या मनात नमस्कार. नसली की माझं तोंड वाकडं. आमच्या हिला, म्हणजे शालिनीला, या सवयीची भारी लाज वाटते. तरुणपणी कंपनीने मला इंग्लंडमधल्या एका मोटारींच्या कारखान्यात शिकायला पाठवलं होतं, आणि पुढे काही वर्षांनी जर्मनीतल्या एका. दोन्हीकडची दारं मी उघडून मिटून पाहिली आहेत. या विषयावर चार शब्द बोलायला एवढी पात्रता पुरे.

सलवा

आम्ही जानेवारीत गेलो. वाळवंटात कसली थंडी, म्हणून शालिनीने सगळ्या मलमलच्या साड्या भरल्या होत्या. विमानतळाबाहेर पाऊल टाकताच वाऱ्याने असा काही हिसका दिला की मुलीने, मुक्ताने, स्वतःचा कोट काढून आईच्या खांद्यावर घातला. "तुला फोनवर सांगितलं होतं ना आई, स्वेटर आण म्हणून?" "अगं, मला वाटलं तू उगाच काळजी करतेस." मायलेकींची भेट अशी भांडणाने झाली, म्हणजे सगळं ठीक होतं.

जावई शैलेशराव नाशिकचे. मेकॅनिकलचा डिप्लोमा करून कुवेतला गेले आणि तिथल्या राई भागातल्या एका मोठ्या गॅरेजमध्ये चढत चढत इंग्रजी गाड्यांच्या विभागाचे मॅनेजर झाले. आम्हाला न्यायला त्यांनी आणलेली गाडी इंग्रजीच होती. उंच, चौकोनी, जुन्या राजघराण्यातल्या माणसासारखी. बॅगा चढेपर्यंत मी दारावरून नख फिरवून घेतलं. वर फट बारीक, खाली रुंद.

"आजी, व्हाय इज ही डूइंग दॅट?" नात ईरा म्हणाली. ती नववीत आहे. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीत येतं.

"त्यांना विचार. मी या माणसाला ओळखत नाही," शालिनी म्हणाली.

सलवा ही घरांची वस्ती. वाळूच्या रंगाचे तीन-चार मजली बंगले, प्रत्येक कोपऱ्यावर मशीद, मशिदीपलीकडे बकाला, म्हणजे आपलं वाण्याचं दुकान. बकाल्यात केरळचा माणूस, इस्त्रीवाला आंध्रचा, केस कापणारा पाकिस्तानातला, आणि या सगळ्यांची आपसांतली भाषा हिंदी. दुसऱ्या दिवशी शालिनी मासळीबाजारात गेली आणि पापलेटला तिथे झुबैदी म्हणतात एवढं समजल्यावर तिला कुणाचीच मदत लागेना. तिचं माहेर मालवणचं. कल्ले उघडून पाहत तिने विक्रेत्याला असं काही धारेवर धरलं की त्याने शेवटी आतल्या बर्फातले मासे काढून दिले. त्या पापलेटांचं तिखलं आणि इराणी भट्टीतली ताटाएवढी गरम रोटी असं आम्ही जेवलो. भात राहूनच गेला आणि कुणाला आठवलाही नाही.

जेवण झाल्यावर मुक्ताने सांगितलं. भांडी विसळता विसळता, पाठ वळवून, सहज सांगितल्यासारखं.

"बाबा, शैलेशचा विभाग बंद होतोय. मालक आता फक्त जर्मन गाड्या घेणार. जर्मन विभाग त्यांच्या मुलाकडे आहे आणि त्याला त्याची शिकलेली माणसं हवीत. शैलेशचा इकामा एप्रिलमध्ये संपतो."

इकामा म्हणजे तिथे राहण्याचा परवाना. तो नोकरीला बांधलेला असतो आणि बायको-मुलं त्या परवान्याला बांधलेली. नोकरी गेली आणि दुसरी वेळेत मिळाली नाही, की खलास. घर आवरायचं आणि विमान धरायचं. शैलेशरावांनी दुसरीकडे विचारून पाहिलं होतं. सगळीकडे एकच उत्तर होतं, इंग्रजी गाड्यांचा माणूस घेऊन आम्ही काय करू?

"ईराची पुढच्या वर्षी दहावी," मुक्ता म्हणाली. "आत्ता उचलून पुण्यात नेली तर मधल्या मध्ये लटकेल पोरगी. मराठी लिहिता येत नाही तिला. इथे तिची शाळा आहे, मैत्रिणी आहेत."

 मला पहिल्यांदा काय वाटलं ते स्पष्ट सांगतो. मला वाटलं, इंग्रजांनी दारं नीट बसवली असती तर ही वेळ आली नसती.

राई

शैलेशराव मला गॅरेज दाखवायला घेऊन गेले. राई म्हणजे आपल्या भोसरीला श्रीमंत केलं तर जे होईल ते. एका बाजूला काचेची दालनं, आत चकाचक गाड्या. मागच्या गल्लीत गोदामं, टायर, वेल्डिंगच्या ठिणग्या आणि उभ्या उभ्या चहा पिणारी माणसं. रस्त्याने मी गाड्या बघत होतो. जपानी खूप, अमेरिकी खूप, आणि जरा बऱ्या घरातली गाडी म्हटली की जर्मन. इंग्रजी अधूनमधून एखादी, आणि तीही बहुधा फार महागडी, लग्नातल्या शालूसारखी वर्षातून दोनदा बाहेर पडणारी.

गॅरेजच्या जर्मन बाजूला फरशी इतकी स्वच्छ की मी चपला काढणार होतो. इंग्रजी बाजू जुनी. तिथे तेलाचा तो वास होता जो माझ्या तरुणपणाचा वास आहे. तीन-चार गाड्या उघड्या पडल्या होत्या. दुपार झाली तशी मधलं मोठं टेबल पुसलं गेलं आणि सगळे त्याच्याभोवती बसले: इजिप्तचा इंजिनवाला, केरळचा वायरमन, फिलिपिनो रंगारी, गाड्या धुणारा बंगाली, आणि त्यांच्यामध्ये मॅनेजर शैलेशराव. मुक्ताने दिलेली मेथीची भाजी बंगाल्याच्या पानात गेली आणि इजिप्तच्या माणसाची वांगी जावयाच्या. बोलणं चाललं होतं एका गाडीच्या खडखडीबद्दल. धुणारा म्हणाला, "साब, आवाज तब आता है जब टंकी आधी रहती है." जेवण सोडून सगळे त्या गाडीखाली.

मी तिथेच बसून राहिलो. मला इंग्लंडमधला कारखाना आठवला. तिथे जेवणाच्या खोल्या वेगवेगळ्या होत्या. साहेबांची वेगळी, तिथे पांढरी चादर; मधल्या लोकांची वेगळी; कामगारांची वेगळी. गाडीत कुठे घोडं पेंड खातंय हे खालच्या माणसाला रोज दिसायचं, पण सांगणार कुणाला आणि केव्हा? वरचे खालच्यांना आळशी म्हणायचे, खालचे वरच्यांना चोर. आणि दोघेही संपाची वाट बघायचे.

तेवढ्यात मालक आले. पांढराशुभ्र झगा, हातात जपमाळ, वय माझ्याएवढंच. त्यांना सगळे बू यूसुफ म्हणतात, म्हणजे यूसुफचे वडील. तिथे वडीलधाऱ्या माणसाला थोरल्या मुलाच्या नावाने हाक मारतात. आपल्याकडे बंड्याची आई म्हणतात तसंच, फक्त तिकडे बापालाही तो मान मिळतो. त्यांच्या आजोबांची गलबतं मुंबईला यायची, त्यामुळे घरात हिंदी होती. इंग्रजी ते इंग्लंडमध्येच शिकले. आमचं बोलणं या दोन्ही भाषांत सरमिसळ चाललं. मी इंग्लंडच्या कारखान्यात होतो हे कळताच त्यांनी माझा हात धरून मला एका झाकलेल्या गाडीपाशी नेलं आणि कापड ओढलं. गडद हिरवी, लांब नाकाची, आतून अक्रोडाच्या लाकडाची.

"माझ्या वडिलांची," ते म्हणाले. "हिला विकणार नाही. बाकी सगळं बंद करतोय. परवा माझ्या दिवाणियाला या. मला तुमच्याकडून एक गोष्ट समजून घ्यायची आहे."

दिवाणिया म्हणजे घराला लागून असलेली पुरुषांची बैठक. ठरलेल्या संध्याकाळी दार उघडं असतं आणि ओळखीचा कुणीही येऊन बसतो. शैलेशरावांचा चेहरा उजळलेला मला दिसला. मी मात्र त्या हिरव्या गाडीच्या दारावरून नख फिरवत होतो. ही फट मात्र सुरेख होती. कुण्या म्हाताऱ्या कारागिराने हाताने कानस मारून बसवलेलं दार ते, माझी खात्री आहे.

वाळवंट

मधल्या शुक्रवारी आम्ही उत्तरेला वाळवंटात गेलो. हिवाळ्यात कुवेती कुटुंबं गावाबाहेर तंबू ठोकून राहतात. आपण हिमालयात जातो तशी ती रेतीत जातात, आणि जनित्र, गालिचे, टीव्ही सगळं बरोबर नेतात. वाळवंट म्हणजे पिवळ्या टेकड्या असं माझ्या डोक्यात होतं. तसं नाही. सपाट, करडी, खडीसारखी जमीन, आणि जवळ जाऊन पाहिलं तर थोड्या पावसावर उगवलेलं बोटाएवढं हिरवं गवत. शालिनी त्या गवताशी बसून बोलत होती म्हटलं तरी चालेल.

परत निघालो आणि गाडी बंद पडली. आधी दिवे मंद झाले, मग काटे खाली आले, मग एक सुस्कारा टाकून सगळं गार. शैलेशराव बॉनेट उघडून आत शिरले. ईरा म्हणाली, "ऑफ कोर्स." एवढ्या एका शब्दात तिने इंग्रजी मोटार उद्योगाचा इतिहास सांगून टाकला.

मी आणि मुक्ता गाडीच्या आडोशाला वारा चुकवत उभे होतो. तिने तिथेच विषय काढला.

"बाबा, दिवाणियात जाल तेव्हा बू यूसुफांकडे शैलेशसाठी शब्द टाका."

"मी?"

"इथे म्हाताऱ्या माणसाचा शब्द मानतात. शैलेश स्वतः बोलू शकत नाही. तुम्ही पाहुणे आहात, त्यांच्या वयाचे आहात."

"मुक्ता, मी कुणापुढे हात पसरलेला नाही. माझ्या साहेबापुढेसुद्धा. माणसाचं काम बोलायला हवं."

"काम बोलतंच आहे बाबा. ऐकणारं कुणी नाहीये," ती म्हणाली. "असू दे. तुमची तत्त्वं तुम्हाला लखलाभ." आणि आईकडे निघून गेली.

मला राग आला. ती रागावली याचा आला, आणि तिचं म्हणणं चुकीचं वाटत नव्हतं याचाही आला.

तेवढ्यात धूळ उडवत दोन कुवेती तरुण आले. काही न विचारता त्यांनी दोर काढला, आमची गाडी त्यांच्या गाडीला बांधली आणि आम्हाला त्यांच्या तंबूपर्यंत ओढत नेलं. त्यांची गाडी जर्मन होती. इंग्रजी गाडी जर्मन गाडीच्या शेपटीला बांधून चाललेली आणि आत भारतीय बसलेले, हे दृश्य माझ्या जुन्या इंग्लिश साहेबाने पाहायला हवं होतं. तंबूत आम्हाला परातभर मजबूस मिळाला: मसालेदार लांब भात, त्यावर मटण, तळलेला कांदा आणि मनुका. शालिनी म्हणाली बिर्याणीपेक्षा सौम्य, पण मटण इतकं शिजलेलं की हाडाला नुसतं विचारलं तरी सुटावं. आमचं खाऊन होईस्तोवर शैलेशरावांनी बिघडलेली वायर शोधून जोडली होती. बॅटरीकडून येणारी, गंजून तुटलेली, बोटभर लांबीची. मुक्ताचं आणि माझं बोलणं त्यांनी ऐकलं असावं, कारण घरी येईपर्यंत ते माझ्याकडे न बघता गाडी चालवत होते.

रुमैथिया

रुमैथिया सलव्याच्या शेजारीच. ठरल्या संध्याकाळी आम्ही दोघे निघालो. शालिनीने मला इस्त्रीचा नेहरू शर्ट घालायला लावला आणि मुक्ताने दारात फक्त "या" म्हटलं.

मोठी, लांबट खोली. चारी भिंतींना टेकून गाद्यांच्या बैठका, मध्ये मोकळा गालिचा. आत येणारा प्रत्येक जण उजवीकडून सुरू करून सगळ्यांशी हात मिळवत जातो आणि मग आपल्या जागी बसतो. कुणाचं वय काय, पगार काय, विचारलं जात नाही. आधी तब्येत, मग घरच्यांची तब्येत, मग पुन्हा तब्येत. एवढ्या वेळात आपल्याकडे दोन भांडणं होऊन मिटली असती. कोपऱ्यात बू यूसुफांचा मुलगा यूसुफ बसला होता, चाळिशीतला, मोबाइलमध्ये डोकं घातलेला.

उंच चोचीची पितळी किटली घेऊन एक माणूस आला आणि त्याने मला बिनकानाच्या इवल्या कपात कॉफी दिली. आता माझी पंचाईत अशी की संध्याकाळनंतर कॉफी घेतली की माझी झोप उडते. तोंडावर नको म्हणणं तर आपल्यात बसत नाही. त्यामुळे आपण चार घरी जे करतो तेच मी केलं. मान राखायला कप घेतला, हसलो आणि समोरच्या बुटक्या टेबलावर ठेवून दिला. पुण्यात असे कप मी कितीतरी घरी ठेवून आलो आहे आणि यजमानीणबाईंनी ते मुकाट्याने उचलून नेले आहेत.

बू यूसुफ माझ्याशेजारी येऊन बसले. "मला सांगा," ते म्हणाले, "माझ्या वडिलांच्या वेळी इथे इंग्रजी गाडी म्हणजे शेवटचा शब्द होता. ते हरले कसे? तुम्ही दोन्ही घरं आतून पाहिली आहेत."

शैलेशरावांनी येताना गाडीत मला बजावलं होतं, "बाबा, इंग्रजी गाड्यांबद्दल जरा चांगलंच बोला. त्यांचा जीव आहे त्यांच्यावर." पण मला विचारल्यावर खोटं बोलता येत नाही. बोललो.

म्हणालो, हुशारीत इंग्रज मागे नव्हते. इंजिन आडवं बसवून छोट्या गाडीत चार माणसं कशी मावतात ते त्यांनीच जगाला दाखवलं. पण गाडी पूर्ण बनली की शेवटी तपासायची. दार बसत नसलं तर एक म्हातारा रबरी हातोडा घेऊन यायचा आणि ठोकून बसवायचा. तो रिटायर झाला की दारं गळायला लागली. म्हणजे बैल गेला आणि झोपा केला. जर्मनीत मी पाहिलं, तर चूक जिथे होते तिथेच धरायची. मशीनवरचा पोरगा मशीन थांबवू शकत होता आणि त्याचा इंजिनियर स्वतः आधी मशीनवर उभा राहिलेला होता. इंग्लंडमध्ये सरकारने कंपन्या एकत्र बांधल्या, पण एकाच घरात चार चुली राहिल्या. एकाच मालकाच्या दोन गाड्या एकमेकींचं गिऱ्हाईक पळवायच्या. संप व्हायचे ते पैशासाठी कमी आणि मानासाठी जास्त. मग जपानी आले. मग एकेक नाव विकलं गेलं.

"एक तुमच्या देशाने घेतलं," बू यूसुफ म्हणाले.

"हो. ज्यांनी आमच्यावर राज्य केलं त्यांच्या गाड्या आम्ही विकत घेतल्या. आणि एक जर्मनांनी घेतलं." लपवत कशाला, हे सांगताना मला जरा बरं वाटलं.

"आणि आता माझ्या नातवाला चिनी हवी, विजेवर चालणारी." भोवतालचे लोक हसले. बू यूसुफ हसले नाहीत. त्यांची नजर टेबलावर गेली होती.

"तुमची कॉफी तशीच आहे," ते म्हणाले.

एकाएकी बोलणी थांबली. समोरच्या भिंतीशी बसलेले म्हातारेही माझ्या कपाकडे पाहायला लागले. शैलेशराव माझ्या कानाशी झुकले.

"बाबा, इथे पाहुण्याने कॉफी न पिता खाली ठेवली, तर त्याला यजमानाकडे काहीतरी मागायचंय असा अर्थ होतो. जुनी पद्धत आहे. यजमान हो म्हणेपर्यंत पाहुणा पीत नाही. तुम्ही पिऊन टाका पटकन, काही होणार नाही."

मी कपाकडे हात नेला. उचलून दोन घोटांत संपवला असता तर सगळे हसले असते, परदेशी माणूस म्हणून सोडून दिलं असतं आणि माझी तत्त्वं शाबूत राहिली असती. वाळवंटातल्या वाऱ्यात उभी असलेली मुक्ता माझ्या डोळ्यांपुढे आली. मी हात मागे घेतला.

"एक मागणं आहे," मी म्हणालो. माझा आवाज मलाच ओळखू येईना.  जन्मात कधी असं बोललो नव्हतो.

बू यूसुफ सावरून बसले. "बोला."

"इंग्रजी विभाग बंद करा. गाड्या तशाच आहेत, मी त्यांची बाजू घेणार नाही. पण त्या विभागात एक टेबल आहे. तिथे गाड्या धुणारा आणि मॅनेजर एकत्र बसून जेवतात आणि धुणाऱ्याने सांगितलं की मॅनेजर गाडीखाली शिरतो. इंग्रजांकडे हेच नव्हतं. हे होतं म्हणून जर्मन जिंकले. तुमच्या नव्या विभागात मशिनं येतील, फरशी स्वच्छ येईल, पण ते टेबल विकत मिळत नाही. माझ्या जावयाला ठेवा. जर्मन गाडी ते शिकतील. माझी नात पुढच्या वर्षी दहावीला आहे."

शेवटचं वाक्य मी ठरवून बोललो नव्हतो. ते आपोआप आलं.

 बू यूसुफांनी यूसुफला हाक मारली. बापलेकात अरबीत बोलणं झालं. यूसुफ मान हलवत होता, एकदा त्याने दोन्ही हात उडवले. विभाग त्याचा होता आणि बापाने त्यात ढवळाढवळ न करण्याचं कबूल केलेलं होतं, एवढं न कळणाऱ्या भाषेतही कळलं. शैलेशराव गालिच्यावरच्या नक्षीकडे पाहत होते. मी मनात म्हटलं, झालं, होती ती इज्जतही घालवली.

शेवटी यूसुफ शैलेशरावांकडे वळला आणि इंग्रजीत म्हणाला, "मॅनेजर नाही. तो मी आणलाय. तुम्ही त्याच्या हाताखाली, आणि आधी ट्रेनिंग. चालेल?"

"चालेल," शैलेशराव म्हणाले. इतक्या पटकन की प्रश्न पुरता संपलाही नव्हता.

"मंदूबला सांगतो, इकाम्याचं बघेल." मंदूब म्हणजे सरकारी कामांसाठी धावणारा कंपनीचा माणूस. यूसुफ पुन्हा मोबाइलमध्ये शिरला.

बू यूसुफांनी माझ्या कपाकडे बोट केलं. "पियो, भाई."

मी प्यायलो. गार, कडू, वेलदोड्याचा उग्र वास. त्याहून चांगलं पेय मी आजवर प्यायलेलो नाही. कप रिकामा होताच किटलीवाल्याने तो भरला. आपल्यात पानात टाकत नाहीत, म्हणून मी तोही संपवला. त्याने पुन्हा भरला. मी पुन्हा संपवला. पुरे झालं की कप मनगटाने हलवून परत द्यायचा असतो हे शैलेशरावांनी सांगितलं नाही. हसू दाबण्यात ते इतके गुंतले होते की सांगणं शक्यच नव्हतं. माझ्या छातीत धडधडत होतं. कॉफीने असेल, नसेल. कितीतरी दिवसांनी मला मोठ्याने हसावंसं वाटत होतं, आणि मी हसलोही.

पुन्हा सलवा

दार मुक्तानेच उघडलं. शैलेशरावांनी जोडे काढत सांगितलं, "राहतोय आपण. बाबांनी शब्द टाकला."

तिने माझ्याकडे पाहिलं आणि सरळ आत निघून गेली. नाक शिंकरल्याचा आवाज आला. ईराने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "सो आय डोन्ट हॅव टू लर्न मराठी रायटिंग?" "ते शिकायचंच," मी म्हणालो, "ते मी मागितलेलं नाही, सांगतोय."

मग मुक्ता फोन घेऊन गॅलरीत गेली. नाशिकला सासूबाईंना सांगत होती, आणि तिचा आवाज सगळ्या बिल्डिंगला ऐकू जात होता. "नाही हो आई, नाही येत आम्ही! इथेच! हो, हो, इथेच राहतोय!" प्रत्येक वेळी 'नाही येत' म्हणताना ती हसत होती.

शालिनी माझ्याजवळ सोफ्यावर येऊन बसली. गॅलरीकडे पाहत म्हणाली, "सगळ्या जन्मात एकदा कुणाकडे काही मागितलंत, आणि तेही काय, तर आपली लेक आपल्यापासून लांब राहू दे म्हणून."

मी तिच्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती हसत होती. हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. एप्रिलमध्ये ती तिघं पुण्याला, आमच्यापासून दोन खोल्या पलीकडे, येऊन राहिली असती.

"मग आता काय, जाऊन परत मागू?" मी म्हणालो.

"बसा गप्प," ती म्हणाली, आणि लेकीचं बोलणं संपेपर्यंत आम्ही दोघं ते 'नाही येत, नाही येत' ऐकत बसलो.